सुट्टीची चित्रपट्टी

विदर्भातली उन्हाळ्याची सुट्टी बाकी महाराष्ट्रापेक्षा लांब असते. जूनच्या मध्याला पुण्या-मुंबईची मुलं शाळेत जायला लागतात, तेव्हा वर्ध्यात ऊन अजून मागे हटलेलं नसतं. आमच्याकडे शाळेची घंटा आठवडा-दोन आठवडे उशिरा वाजते. बाकीच्या मुलांची त्यात चंगळ होते. माझ्या भाच्याचे मात्र हाल होतात. तो अकरा वर्षांचा आहे आणि ऑटिस्टिक आहे. सात दहाची रिक्षा, डब्यातली साखर-तुपाची गुंडाळी, शेवटच्या तासाची चित्रकला, या खुंट्यांवर त्याचा दिवस टांगलेला असतो. शाळा बंद झाली की सगळ्या खुंट्या एकदम निघतात. एका वर्षी सुट्टी लागल्यावर सलग नऊ दिवस तो सकाळी दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभा राहिला. दहाव्या दिवशी त्याने स्वतःचा हात चावला.

मराठीत आपण ‘स्वमग्न’ म्हणतो. हा शब्द मला नेहमी अपुरा वाटतो, कारण त्यातून मूल आतच बुडालेलं आहे असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात बाहेरचं सगळं त्याच्यावर जास्तच येऊन आदळत असतं: कूलरचा घरघराट, ट्यूबलाइटची लुकलुक, लग्नाच्या वरातीतला डीजे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी 1943 साली अकरा मुलांचं वर्णन लिहिलं, तेव्हाच त्यांनी एक गोष्ट ठळकपणे नोंदवली होती. सगळं जसंच्या तसं राहावं, याची या मुलांना फार आस असते. सुट्टी म्हणजे नेमकं ते ‘जसंच्या तसं’ मोडणं.

मग शिबिरात घालावं म्हटलं. गावातलं एक साधं उन्हाळी शिबिर, चांगल्या मनाची माणसं. पहिल्या दिवशी पन्नास मुलांनी गोल करून टाळ्या वाजवत स्वागतगीत म्हटलं. भाचा कान दाबून टेबलाखाली गेला. दुसऱ्या दिवशी ताईला फोन आला, ‘त्याला घरीच बरं वाटेल हो.’ ताई काही बोलली नाही. आम्ही त्याला आणायला गेलो तेव्हा तो पायऱ्यांवर बसून चप्पल सारखी घालत-काढत होता. त्या शिबिरात आनंदाचं एकच रूप ठरलेलं होतं, गोंगाटाचं. त्यात न बसणाऱ्या मुलासाठी दुसरं काहीच नव्हतं.

पण शिबिर वेगळंही असू शकतं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ऑटिस्टिक मुलांसाठी 1972 पासून उन्हाळी शिबिरं भरतात. त्याच वर्षी तिथे एरिक शॉप्लर यांच्या ‘टीच’ या कार्यक्रमाला राज्याचा आधार मिळाला. त्यांची मूळ कल्पना अशी, की मुलाला बदलायच्या आधी भोवतालची मांडणी बदला. दिवस डोळ्यांना दिसला पाहिजे. आता काय, मग काय आणि संपणार कधी, हे चित्रांच्या पट्टीवर लावून ठेवायचं. एक काम झालं की ते चित्र काढून डब्यात टाकायचं. खेळ, पोहणं, जेवण, सगळं असतंच, पण गरज असेल तिथे एका मुलामागे एक माणूस असतो. शिबिर सुरू होण्याआधीच जागेचे फोटो घरी पोचलेले असावेत, दमलेल्या मुलासाठी एक अंधारी, शांत खोली असावी, आणि तिथे जाणं ही शिक्षा मानली जाऊ नये. यातल्या बहुतेक गोष्टींना फार पैसा लागत नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं.

असं शिबिर वर्ध्यात भरवायचं तर याशिवाय दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील. पहिली, ऊन. पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि काही ऑटिस्टिक मुलांना तहान लागल्याचं कळतच नाही किंवा सांगता येत नाही. त्यामुळे शिबिर सकाळी साडेसहा ते साडेनऊ, आणि पट्टीवर दर अर्ध्या तासाला पाण्याचं चित्र. दुसरी गोष्ट पाणीच, पण वेगळ्या अर्थाने. यातली अनेक मुलं न सांगता निघून जातात, आणि पाण्याची ओढ अनेकांना असते. कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा या मुलांचा बुडून मृत्यू होण्याचा धोका सर्वसाधारण मुलांच्या 160 पट निघाला. आपल्याकडे शेताशेतात कठडा नसलेल्या विहिरी आहेत आणि पवनारला धाम नदी आहे. मी तरी फाटकाला कडी आणि दारावर माणूस असल्याशिवाय असं शिबिर सुरू करू देणार नाही. पोहायला शिकवणं तर शिबिराच्याही आधीचं काम.

भाच्याला फिरणारी चाकं आवडतात. पंखा, सायकल, गिरणीचा पट्टा, काहीही. घरच्या आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं त्याला चाकापासून ओढून दूर नेलं. शेवटी एका सुट्टीत कंटाळून मी त्याला मगन संग्रहालयात घेऊन गेले. गांधीजींच्या हस्ते 1938 साली उघडलेली ही वास्तू. तिथे तऱ्हेतऱ्हेचे चरखे आहेत. तो एका चरख्यापुढे पाऊण तास उभा राहिला. मी त्याला ओढलं नाही. नंतर आमच्या ओळखीच्या, खादीकामात आयुष्य गेलेल्या एका आजींनी त्याला तकली दिली. सुरुवातीचा आठवडा नुसती तकली फिरवण्यात गेला. मग पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, हातात धरला. सूत तुटायचं, तो ओरडायचा, आजी काही न बोलता पुन्हा जोडून द्यायच्या. महिन्याने वीतभर सूत निघालं, जाडंभरडं. त्याचा ऑटिझम यामुळे गेला नाही, जाणारही नाही. पण सकाळी सात ते आठ या वेळेला एक खुंटी मिळाली.

22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला याच वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने आराखडा केला आणि सेवाग्रामला आशादेवी व आर्यनायकम यांनी नई तालीम, म्हणजे हातकामातून शिक्षण, चालवली. ती काही ऑटिस्टिक मुलांसाठी आखलेली नव्हती. तरी सरकी काढणं, पिंजणं, पेळू करणं, कातणं, गुंडी बांधणं ही क्रमवार साखळी पाहिली की मला चित्रपट्टीच दिसते: हाताला काम, क्रम ठरलेला, शेवट डोळ्यांना दिसणारा, आणि फार बोलायची गरज नाही. दुसरं गाव ज्यासाठी परदेशी पुस्तकं उघडेल, ते आमच्या अंगणात पडून आहे.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणच्या अभ्यासात शंभर मुलांमागे साधारण एक ऑटिस्टिक आढळलं. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत तेरा लाख होती. तेव्हा ही मुलं बोटांवर मोजण्याइतकी नाहीत. ती दाराआड आहेत. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये ऑटिझमचं नाव आहे. प्रमाणपत्र मिळतं, पण मे महिन्यातली सकाळ त्याने भरत नाही.

येत्या मे महिन्यासाठी आम्ही चार घरं एकत्र आलो आहोत. एका शाळेचा रिकामा वर्ग, आजींच्या चार तकल्या, कुंड्या, पाण्याचा माठ, आणि दोन महाविद्यालयीन मुली, ज्यांनी आधी एकेका मुलाच्या घरी जाऊन नुसतं बसायचं कबूल केलंय. चित्रं ताई कापतेय. पट्टीवरचं शेवटचं चित्र शाळेच्या फाटकाचं आहे, खाली तारीख लिहायला जागा सोडली आहे. भाचा रोज येऊन त्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवतो आणि ताईकडे बघतो.