कॉव्हेंट्री आणि स्टालिनग्राड : एका मैत्रीचा आरंभ

आंतरराष्ट्रीय सलोख्याची मंडळे आपल्या लोकांनी पुष्कळ पाहिली आहेत. वकिलातीतला कोणी अधिकारी येतो, त्याला हार घालतात, चहापान होते, आणि पाहुणे गेले की मंडळाचे कुलूप पुढल्या पाहुण्यापर्यंत उघडत नाही. अशा मंडळांची थट्टा करणे सोपे आहे. आम्हीही ती केलेली आहे. परंतु दोन शहरांनी परस्परांशी नाते जोडावे ही कल्पना ज्या गावामुळे जगात रुजली, त्या कॉव्हेंट्रीत तिचा आरंभ हारतुऱ्यांनी झाला नाही. तो वर्गणीने झाला. वर्गणी गोळा करण्यातच आमची उमर गेली असल्यामुळे या हकिगतीत आम्हांस विशेष गोडी वाटते, हे आधीच सांगून टाकतो.

कॉव्हेंट्री हे इंग्लंडच्या मध्यभागातले कारखान्यांचे शहर. आज आपण चालवतो त्या घडणीची सायकल जॉन केंप स्टार्ले यांनी १८८५ साली तेथेच तयार केली. पुढे मोटारी आल्या, विमानांची इंजिने आली. (ज्या जग्वार मोटारींचा कारभार २००८ पासून मुंबईच्या टाटांकडे आहे, त्याही याच गावच्या.) १९३७ साली नगरपालिका मजूर पक्षाच्या हाती आली. म्हणजे हे गाव यंत्रावर काम करणाऱ्यांचे, आणि युद्ध सुरू होताच शत्रूचा डोळा त्यावर असणार हे उघड होते.

१४ नोव्हेंबर १९४० च्या संध्याकाळी जर्मन विमाने आली ती पहाटेपर्यंत, सुमारे अकरा तास, बाँब टाकीत राहिली. ५६८ माणसे मेली. चार हजारांवर घरे जमीनदोस्त झाली. मध्ययुगातले सेंट मायकेलचे कॅथीड्रल जळाले. भिंती आणि मनोरा तेवढा उरला. मृतांना मोठ्या चरांतून एकत्र पुरावे लागले. ज्या गावावर असा प्रसंग येतो त्याला दुसऱ्याच्या दुःखाचा विचार करण्यास फुरसत नसते, असे आपण समजतो.

दोन वर्षांनी, २३ ऑगस्ट १९४२ रोजी, जर्मन विमानांनी व्होल्गाकाठचे स्टालिनग्राड पेटवले आणि त्यानंतर तेथे घराघरांतून लढाई सुरू झाली. ही लढाई चालू असताना कॉव्हेंट्रीच्या ८३० स्त्रियांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावे भरतकामाने काढवली. त्यांत त्या वेळच्या महापौर एमिली स्मिथ याही होत्या. प्रत्येकीने सहा पेन्स दिले, आणि ते कापड व पैसे स्टालिनग्राडला पाठवले. नावांबरोबर कापडावर एक वाक्य होते : मोठ्या सहानुभूतीपेक्षा थोडीशी मदत बरी, अशा अर्थाचे.

आता हिशेब पाहा. ८३० वेळा सहा पेन्स म्हणजे २० पौंड १५ शिलिंग. त्या काळी रुपयाला दीड शिलिंग असा भाव होता. तेव्हा एकेकीची वर्गणी सव्वापाच आण्यांच्या थोडी वर. जळत्या शहराला एवढ्या रकमेने काय होणार? एखाद्या कारखानदाराने एका सहीनिशी तेवढा चेक सहज फाडला असता. पण आम्ही कामगारांत वावरलेली माणसे, आम्हांला यातला फरक लगेच कळतो. मोठ्या देणगीचा देणारा एक आणि बघे अनेक. लहान वर्गणीत बघा कोणी उरत नाही. आणि जिचे नाव सुईदोऱ्याने कापडावर चढले, तिला उद्या बाजारात कोणी विचारले, “त्या लोकांशी तुझा संबंध काय?” तर उत्तर द्यावेच लागते. संघटना उभी राहते ती अशा उत्तरांवर. ठराव मागाहून येतो.

येथेही तो मागाहूनच आला. १९४४ साली कॉव्हेंट्री आणि स्टालिनग्राड ही जोडशहरे म्हणून बांधली गेली.

तथापि एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. त्या वेळी रशिया ब्रिटनचा दोस्त होता. दोस्ताशी दोस्ती करण्यास सरकारचा अडथळा नव्हता. खरी कसोटी पुढे लागली. कॅथीड्रलचे प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड यांनी १९४० च्या नाताळात त्या भग्न भिंतींमधून रेडिओवर भाषण केले आणि युद्धानंतर शत्रूबरोबर मिळून नवे जग घडवण्याची भाषा काढली. गाव नुकते गाडून झाले होते! ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळांना ते रुचले नसेल, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांस नाही. पण १९४७ साली जर्मनीतल्या कील या बंदराशी नाते जुळले. पाणबुड्या बांधणारे हे बंदर ब्रिटिश बाँबांनी उद्ध्वस्त झाले होते. जळालेल्या छपराच्या जुन्या खिळ्यांचा क्रूस तेथे भेट म्हणून गेला. १९५९ साली ड्रेस्डेनशी नाते जुळले. ड्रेस्डेन पूर्व जर्मनीत, आणि त्या राज्याला ब्रिटिश सरकारने मान्यता दिली ती १९७३ साली. म्हणजे गाव सरकारच्या चौदा वर्षे पुढे होते. १९६१ साली जर्मन तरुणांची तुकडी कॉव्हेंट्रीला आली आणि त्या भग्नावशेषांत तिने हातांनी बांधकाम केले; १९६५ साली इंग्रज तरुण ड्रेस्डेनचे इस्पितळ बांधू लागले.

याच कॉव्हेंट्रीत १९३८ साली पंजाबी मजुरांनी आणि फेरीवाल्यांनी ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’ स्थापन केली होती. हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी ती झटत होती. व्होल्गेकाठच्या माणसांशी बंधुभाव जोडणाऱ्या शहरात, शेजारच्या गल्लीतल्या या माणसांना मात्र आपली बाजू आपली स्वतःची संघटना काढून मांडावी लागली. ही गोष्ट सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही, असे आम्हांस वाटते. जोडशहरांच्या यादीत शेजारी कधीच नसतात.

स्टालिनग्राडचे नाव १९६१ साली व्होल्गोग्राड झाले. शीतयुद्धाची सगळी वर्षे हे नाते टिकले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर मात्र कॉव्हेंट्रीच्या नगरपालिकेने ते स्थगित केले. आक्रमणाचा निषेध व्हावयास हवाच होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण निषेध मॉस्कोच्या सरकारचा; स्थगित झाले ते एका गावाचे दुसऱ्या गावाशी असलेले नाते, आणि हे आम्हांस पटत नाही. ठराव नगरपालिकेचा होता, तो तिने थांबवला. त्या ८३० जणींनी आपली नावे नगरपालिकेच्या वतीने दिली नव्हती, आणि ती भरलेले कापड व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात आहे.