तळलेल्या बांगड्यावर लिंबू कशाला?

नवी मुंबईत बेलापूरजवळ दिवाळे नावाचा कोळीवाडा आहे. तिथल्या घरात बांगडा तळला, की ताटात लिंबाची फोड हवीच! फक्त चवीसाठी? छे! मासळीत प्रथिनं भरपूर, पण ‘क’ जीवनसत्त्व अगदी नावापुरतं. ती उणीव लिंबू थोडीफार भरून काढतं, बरं का!

पूर्वी दर्यावर महिनोन् महिने राहणाऱ्या खलाशांना ताजी फळं, भाज्या मिळत नसत. मग हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, जुन्या जखमासुद्धा उघडत. हा स्कर्व्ही रोग. वास्को द गामा १४९८ मध्ये भारतातून परत निघाला, तेव्हा अरबी समुद्र ओलांडायला त्याला सुमारे तीन महिने लागले. वाटेत त्याचे अनेक खलाशी या रोगाने दगावले.

१७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने एक प्रयोग केला. त्याने बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला व्हिनेगर, एकीला समुद्राचं पाणी, असं प्रत्येकीला वेगळं औषध दिलं. एका जोडीला मात्र रोज दोन संत्री आणि एक लिंबू! सहा दिवसांत हीच जोडी सगळ्यांत ठणठणीत झाली. पण ब्रिटिश आरमाराने सर्व जहाजांवर लिंबाचा रस द्यायचं ठरवायला १७९५ साल उजाडलं. उत्तर सापडूनही किती जीव गेले असतील, विचार करा!

आता हे जीवनसत्त्व करतं काय? आपल्या शरीरात ‘कोलॅजन’ नावाचं प्रथिन असतं. जाळ्याच्या दोऱ्यासारखं ते त्वचा, हिरड्या, हाडं बांधून ठेवतं. ‘क’ नसेल तर हा दोरा पक्का होत नाही. चिंबोरीने बोट चावलं, तर ती जखम भरायलाही ‘क’ लागतं. कुत्रा, गाय हे जीवनसत्त्व स्वतःच तयार करतात. माणसाला ते जमत नाही आणि साठवूनही फार ठेवता येत नाही. म्हणून ते रोज खायचं.

ताई-दादांनो, चेहरा उजळेल म्हणून लिंबू तोंडावर चोळताय? थांबा! लिंबाचा रस लावून उन्हात गेलात, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात. लिंबू पोटात जाऊ दे, चेहऱ्यावर नको. आणि हो, ‘क’ घेतलं म्हणजे सर्दी होतच नाही, हेही खरं नाही.

महागड्या गोळ्यांची गरज नाही. शंभर ग्रॅमच्या एका पेरूत साधारण दोनशे मिलिग्रॅम ‘क’ असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ऐंशी पुरतं! आवळा, संत्रं, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, हिरवी मिरची ही सगळी याच घरातली भावंडं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. ‘क’ उष्णतेने नासतं आणि पाण्यात विरघळतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा. लिंबू पिळायचं ते गॅस बंद केल्यावर. पोह्यांवर, पालेभाजीवरही पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं.

ब्रश करताना हिरड्यांतून वारंवार रक्त येतं? लपवू नका. कारणं अनेक असतात, तेव्हा आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा. आणि उद्या शाळेबाहेर खाऊ घेताना पेरूवालीकडेही एकदा वळा. तिखट-मीठ लावून खाल्लात तरी चालेल, पण मीठ जरा बेतानंच हं!