पात्रता आणि प्रारब्ध

शासनाने बांधलेले, किंवा शासनाच्या आज्ञेने दुसऱ्याकडून बांधवून घेतलेले घर कोणास द्यावे, या प्रश्नाची जगात मुख्यतः तीन उत्तरे दिली गेली आहेत. ज्याची गरज अधिक निकडीची त्यास द्यावे, हे पहिले. जो आधी येऊन रांगेत उभा राहिला त्यास द्यावे, हे दुसरे. आणि गरजेचे मोजमाप व रांगेचा क्रम या दोहोंतही माणसे वशिला घुसवतात, म्हणून ते दोन्ही हिशेब बाजूस ठेवून सरळ चिठ्ठी टाकावी, हे तिसरे. महाराष्ट्राने तिसरे उत्तर पत्करले, आणि ते येथील मध्यमवर्गाच्या व श्रमजीवींच्या अंगवळणी इतके पडले आहे की ‘म्हाडाची लॉटरी’ हे दोन शब्द उच्चारताच त्यांचा सारा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात उभा राहतो. त्या चिठ्ठीपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र अनेकांस नीट ठाऊक नसते.

ही वाट आरंभापासून अशी नव्हती. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९२० नंतरच्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बीडीडी चाळी उभारल्या, तेव्हा त्यांतील एकेक खोली भाड्याने दिली जात असे. मालकीचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कायद्याने मुंबई गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्याचा नदीकाठ वाहून गेला, त्यानंतर गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. तेथे गरज इतकी उघडी होती की चिठ्ठी टाकण्याचे कोणाच्या मनातही आले नसावे. पुढे १९७६ चा अधिनियम झाला, ५ डिसेंबर १९७७ रोजी महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजेच म्हाडा, अस्तित्वात आले, आणि कालांतराने भाड्याची खोली मागे पडून मालकीची सदनिका पुढे आली. आपल्याकडील सामाजिक गृहनिर्माण आज मुख्यत्वे विक्रीचा व्यवहार आहे. ही गोष्ट आरंभीच ध्यानी घेतली पाहिजे, कारण पुढील बहुतेक अडचणींचे मूळ तीत आहे.

आता मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव जलाशयाच्या काठी, दासवे गावाच्या परिसरात वसवलेल्या लवासाचे उदाहरण घेऊ. १९९६ साली शासनाने गिरिस्थानांच्या विकासासाठी विशेष नियम केले आणि त्यांच्या आधारे खाजगी कंपनीने मुळशीच्या डोंगरांत हे नगर उभारावयास घेतले. (याच मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता, जमीन कोणाची आणि ती कोणासाठी, हा वाद या तालुक्यास नवा नाही.) इटलीतील एका बंदरगावाच्या धर्तीवर रंगीत इमारती उठल्या. परंतु कोणतेही नगर केवळ सदनिकाधारकांवर चालत नाही. त्यास पहारेकरी लागतात, आचारी लागतात, माळी, सफाई कामगार, वाहनचालक, वायरमन लागतात. अशा एखाद्या पहारेकऱ्याच्या मनात स्वतःच्या घराची इच्छा उत्पन्न झाली तर त्याने कोणत्या कचेरीचे दार ठोठवावे? लवासाच्या नावाने म्हाडाची सोडत निघाल्याचे ऐकिवात नाही. तो मुळशी तालुक्यात राहतो, म्हणून त्यास म्हाडाच्या पुणे मंडळाकडे पाहावे लागते. पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हे या मंडळाच्या अखत्यारीत असून त्याचे कार्यालय पुण्यात आगरकरनगरात आहे.

परंतु त्याची पहिली फेरी पुण्यास नव्हे, पौडास होते. दासव्याहून टेमघरचा घाट उतरावा, मुठे गावावरून पिरंगुटास यावे आणि तेथून पुन्हा पश्चिमेस वळून पौडच्या तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला मागावा. आयकराचे विवरणपत्र भरणाऱ्यास या दाखल्याची आवश्यकता नसते. पण कंत्राटदाराकडून अर्धा पगार रोखीत घेणारा पहारेकरी विवरणपत्र कोठून आणणार? उत्पन्नाबरोबर अधिवास प्रमाणपत्र लागते, स्वतःचे व जोडीदाराचे आधार आणि पॅन कार्ड लागते, आरक्षणाचा लाभ घ्यावयाचा असल्यास जातीचा दाखला आणि जातवैधता प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या आरंभी, पुणे मंडळाच्या सोडतीपासूनच, म्हाडाने अर्जाची सारी प्रक्रिया नव्या संगणकीय प्रणालीवर नेली. पूर्वी सोडत आधी निघे आणि विजेत्याच्या कागदपत्रांची छाननी नंतर महिनोन्‌महिने चाले. आता कागदपत्रे आधी तपासली जातात आणि जो पात्र ठरला त्याचेच नाव सोडतीत जाते. हा बदल मला अत्यंत हितकर वाटतो. घर लागल्याचा आनंद पेढे वाटून साजरा केल्यावर चार महिन्यांनी ‘आपण अपात्र आहात’ असे पत्र हाती पडण्याइतकी क्रूर गोष्ट दुसरी नसेल.

पात्रतेच्या अटी थोडक्यात अशा: अर्जदार सज्ञान असावा, महाराष्ट्राचा रहिवासी असावा, आणि त्याच्या, जोडीदाराच्या किंवा अज्ञान अपत्यांच्या नावे संबंधित हद्दीत मालकीचे घर नसावे. त्यानंतर उत्पन्न. २०२२ च्या सुधारणेनुसार मुंबई, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत कुटुंबाचे, म्हणजे पती-पत्नीचे मिळून, वार्षिक उत्पन्न ६ लाखांपर्यंत असल्यास अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट धरला जातो. अत्यल्प गटाचे घर साधारणतः ३० चौरस मीटरांचे, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास असते. आमचा पहारेकरी अर्थातच या पहिल्या गटात बसतो.

जाहिरात निघाली म्हणजे तीत प्रत्येक योजनेस एक संकेतांक दिलेला असतो, आणि अर्जदाराच्या शहाणपणाची खरी कसोटी येथे लागते. तो ‘म्हाडाच्या घरासाठी’ अर्ज करीत नसतो. अमुक गावातील, अमुक इमारतीतील, अमुक गटाच्या आणि अमुक प्रवर्गाच्या मोजक्या सदनिकांसाठी अर्ज करीत असतो. पुणे मंडळाच्या जाहिरातीत म्हाडाने स्वतः बांधलेली घरे असतात, प्रधानमंत्री आवास योजनेतील घरे असतात (त्यांत केंद्राचे दीड आणि राज्याचे एक असे अडीच लाखांचे अनुदान मिळते), आणि ज्यांच्यावर सर्वांचा डोळा असतो ती २० टक्क्यांतील घरे असतात. या शेवटच्या घरांची कथा अशी की, दहा लाखांहून अधिक लोकवस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर बांधकाम करणाऱ्या विकासकाने २० टक्के हिस्सा अत्यल्प व अल्प गटांसाठी लहान घरांच्या रूपाने राखून ठेवावा, असा नियम २०१३ साली शासनाने केला. घर विकासकाचे, किंमत नियमाने बांधलेली, ग्राहक मात्र म्हाडा सोडतीने ठरवणार. ज्या मुळशी तालुक्याच्या डोंगराळ अंगास लवासा आहे, त्याच तालुक्याच्या सपाट अंगास हिंजवडी आणि माण आहेत; तेथील संगणक उद्यानांमुळे त्या बाजूच्या अशा घरांवर अर्जांचा वर्षाव होतो यात नवल नाही.

संकेतांक निवडल्यावर अर्जाचे शुल्क आणि अनामत रक्कम भरावी लागते. शुल्क परत मिळत नाही. अनामत, घर न लागल्यास, खात्यात परत येते. मुंबई मंडळाच्या २०२३ च्या सोडतीत ही अनामत अत्यल्प गटास २५ हजार आणि उच्च गटास दीड लाख होती. एकाहून अधिक संकेतांकांत अर्ज करता येतो, पण प्रत्येकाची अनामत वेगळी. त्यामुळे ज्याच्या गाठीस पैसा आहे तो दहा ठिकाणी नाव घालतो आणि ज्याच्याजवळ नाही तो एकाच ठिकाणी देव पाण्यात घालून बसतो. सोडतीच्या समतेस पडलेली ही पहिली चीर.

नंतर स्वीकृत अर्जांची प्रारूप यादी लागते, हरकती मागवल्या जातात, अंतिम यादी लागते आणि मग सोडतीचा दिवस उजाडतो. सभागृहात मंत्री येतात, कळ दाबली जाते, पडद्यावर अर्जक्रमांक झळकू लागतात. मुंबईत १४ ऑगस्ट २०२३ रोजी ४,०८२ घरांसाठी सुमारे १ लाख २० हजार अर्ज होते. पुणे मंडळाच्या २९ जानेवारी २०२५ च्या सोडतीत ३,६६२ घरांसाठी ७१ हजारांवर. म्हणजे पुण्यात सरासरीने वीस अर्जांमागे एक घर. पण ही सरासरी फसवी आहे, कारण एखाद्या संकेतांकात एका घरामागे शेकडो उमेदवार असतात आणि दुसऱ्यात घरे अधिक व माणसे थोडी. शिवाय घरे प्रवर्गवार वाटलेली असतात: अनुसूचित जातींस ११ टक्के, अनुसूचित जमातींस ६ टक्के, स्वातंत्र्यसैनिकांस अडीच, पत्रकारांस अडीच, कलावंतांस दोन, इत्यादी. आमदार-खासदारांसही दोन टक्के राखीव आहेत. लोकप्रतिनिधीस निवाऱ्यासाठी सोडतीची कास धरावी लागावी, याबद्दल त्यांची कीव करावी की नियम करणाऱ्याच्या दूरदृष्टीचे कौतुक, हे मला अद्याप ठरवता आलेले नाही.

घर लागले म्हणजे देकारपत्र येते. ते स्वीकारावयाचे की घर परत करावयाचे हे मुदतीत कळवावे लागते. परत केल्यास प्रतीक्षा यादीवरील माणसास संधी मिळते. स्वीकारल्यास साधारणतः पंचेचाळीस दिवसांत किमतीचा चतुर्थांश आणि त्यापुढील साठ दिवसांत उरलेले तीन चतुर्थांश भरावयाचे असतात, कर्जासाठी म्हाडाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावयाचे असते, मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावयाचा असतो, आणि मगच ताबा. ताब्यानंतर पाच वर्षे घर विकता येत नाही. या साऱ्या वाटेवर म्हाडाने कोणीही दलाल नेमलेला नाही, हे प्राधिकरण दर जाहिरातीत बजावून सांगते. तरीही ‘आतली ओळख’ सांगून पैसे उकळणारे भेटतात, कारण चिठ्ठीवर सर्वांचा विश्वास असला तरी आपल्या चिठ्ठीवर कोणाचाच नसतो.

आणि येथेच आमच्या पहारेकऱ्याची दुसरी परीक्षा होते. प्रारब्धाने साथ दिली, पण बँक साथ देईल का? रोखीचा पगार, बदलते कंत्राटदार, पगारपत्रक नाही. कर्ज नाकारले जाते, मुदत टळते, घर हातचे जाते. ज्यांच्यासाठी गट निर्माण केला त्यांतील सर्वांत निर्धन माणूस अशा रीतीने कोणाच्याही दुष्टाव्याशिवाय गळून पडतो.

इंग्लंडातील पद्धती आपल्या सोडतीच्या उलट आहे. १९९० च्या सुमारास नेदरलँड्समधील डेल्फ्ट शहरात निघालेली आणि नंतर इंग्लंडातील अनेक नगरपालिकांनी उचललेली ती पद्धती अशी: अर्जदाराच्या गरजेनुसार, म्हणजे बेघरपणा, आजारपण, दाटीवाटी यांचा विचार करून, त्यास एका श्रेणीत बसवतात, रिकाम्या होणाऱ्या घरांची यादी दर आठवड्यास किंवा पंधरवड्यास प्रसिद्ध होते, अर्जदार आपल्या पसंतीच्या घरावर बोली लावतो. या बोलीत एक पैचाही संबंध नसतो. जो सर्वांत वरच्या श्रेणीतला आणि त्या श्रेणीत सर्वाधिक काळ तिष्ठत असलेला, त्यास ते घर भाड्याने मिळते. न्याय्य वाटते खरे. पण इंग्लंडात अशा याद्यांवर आज सुमारे १३ लाख कुटुंबे आहेत, आणि खालच्या श्रेणीतल्या माणसाने वर्षानुवर्षे बोली लावूनही त्याचा क्रमांक लागत नाही. घरेच थोडी असतील तर गरजेचा तराजूही फार काही करू शकत नाही.

आपल्या सोडतीत गरज केवळ दाराशी तपासली जाते. दाराच्या आत गळक्या पत्र्याखाली तीन मुले वाढवणारी विधवा आणि वडिलांच्या प्रशस्त घरात राहणारा अविवाहित कारकून हे दोघे तंतोतंत समान. सोडत रद्द करून अधिकाऱ्याच्या हाती गरजेचे मोजमाप द्यावे असे मी म्हणणार नाही. वशिल्याच्या या देशात संगणकाची अंधता हा मोठाच गुण आहे. पण सिंगापूरकडे पाहावे. तेथेही सरकारी घरांसाठी सोडतच निघते, आणि दहांतील सुमारे आठ रहिवासी सरकारी घरांतच राहतात. मात्र पहिलेच घर मागणाऱ्याची चिठ्ठी वारंवार हुकली तर पुढील सोडतीत त्याची संधी वाढवली जाते. आपल्याकडे पाचव्यांदा हरलेला आणि प्रथमच आलेला यांचे वजन सारखेच असते. संगणकास पूर्वीचे अर्ज स्मरणात ठेवावयास सांगणे अवघड नाही. सांगितले जात नाही, एवढेच.

दुसरीकडे विरार-बोळिंजसारख्या ठिकाणी म्हाडाचीच हजारो घरे पाण्याच्या टंचाईमुळे वर्षानुवर्षे विक्रीवाचून पडून राहिली आणि अखेर ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ या तत्त्वावर काढावी लागली. पुणे मंडळही आपली शिल्लक घरे याच रीतीने देते. अशा घरांना सोडत नाही. जाहिरातीतील मुदतीत जो आधी अर्ज व पैसे भरील त्याचे घर. संयम आणि वाहन असलेल्यास हा मार्ग सोपा आहे.

लवासातल्या माणसास मात्र यांतील कोणताही मार्ग थोडा आडवाटेचाच. हिंजवडीजवळ घर लागले तरी रोज टेमघरचा घाट चढून कामावर येणे शक्य नाही; त्यास हवी आहे ती कामाच्या जागेजवळची, परवडणाऱ्या भाड्याची, नोकरी सुटल्यास सोडता येईल अशी खोली, जशी शंभर वर्षांपूर्वी वरळीत मिळत असे. लवासाचे नियोजन २०१७ साली पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आले, ऑगस्ट २०१८ मध्ये कंपनीचे प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढे गेले, आणि तेथे पैसे भरून बसलेले आठशेहून अधिक घरखरेदीदार आपापल्या घरांसाठी ताटकळले. त्यांचे दावे निदान न्यायाधिकरणाच्या दप्तरी नोंदले गेले आहेत. त्याच नगराच्या पहारेकऱ्याने भाड्याच्या खोलीसाठी कोणत्या यादीत नाव घालावे, हे सांगणारी खिडकी ना पौडला आहे ना आगरकरनगरात.