दोन वर्षं इथे, दोन वर्षं तिथे!

‘ॲपल’ कंपनी कुणी काढली असं विचारलं, की तुमच्यातले बहुतेक जण पटकन स्टीव्ह जॉब्जचं नाव घ्याल. बरोबरच आहे. पण पहिल्या ॲपल कॉम्प्युटरचं डिझाइन केलं ते दुसऱ्या स्टीव्हनं, म्हणजे स्टीव्ह वॉझ्नियाकनं. हा पठ्ठ्या आधी कोलोरॅडोच्या विद्यापीठात एक वर्ष शिकला, मग घरी कॅलिफोर्नियाला परतला आणि जवळच्याच डी ॲन्झा कॉलेजात जाऊ लागला. तिथून १९७१ मध्ये तो थेट बर्कलीच्या नामांकित विद्यापीठात दाखल झाला. (पदवी मात्र त्यानं १९८६ मध्ये, कंपनी वगैरे सगळं गाजवून झाल्यावर पुरी केली!)

हे डी ॲन्झा म्हणजे ‘कम्युनिटी कॉलेज’. आपण त्याला गावचं कॉलेज म्हणू या. अमेरिकेत अशी कॉलेजं जागोजागी आहेत. त्यातलं इलिनॉय राज्यातलं जोलिएटचं कॉलेज १९०१ पासून चालू आहे. एकट्या कॅलिफोर्नियात ११६ कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे वीस लाख विद्यार्थी शिकतात. इथे मेरिट लिस्ट नाही, कट-ऑफ नाही, प्रवेशपरीक्षाही नाही. शाळा संपवलीत, या. शाळा अर्धवट राहिली पण अठरा वर्षं पूर्ण झालीत, तरी या! बहुतेक मुलं घरून येऊन-जाऊन शिकतात, दुकानात नाहीतर हॉटेलात काम करून खर्च भागवतात. संध्याकाळच्या वर्गाला तुमच्या बाकावर अठरा वर्षांचा मुलगा असेल आणि शेजारी त्याच्या आईच्या वयाची बाई असेल. दोघांचं पुस्तक एकच!

तुम्ही म्हणाल, जिथे कुणालाही घेतात त्या कॉलेजातून जगातल्या अव्वल विद्यापीठात कसं बरं जाता येतं? खरी गंमत तर इथेच आहे.

१९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियापुढे मोठा पेच होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली मुलं एकदम कॉलेजच्या वयात येणार होती. एवढ्या मुलांना बसवायचं कुठे? तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते क्लार्क कर. त्यांच्या पुढाकारानं एक आराखडा तयार झाला आणि त्यातल्या मुख्य गोष्टींचा १९६० मध्ये कायदाही झाला. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांपैकी वरच्या एक-अष्टमांश मुलांना कॅलिफोर्निया विद्यापीठ, वरच्या एक-तृतीयांशांना राज्य विद्यापीठं, आणि कम्युनिटी कॉलेजची दारं सगळ्यांना खुली. इथवर ठीक. पण आखणी करणाऱ्यांनी आणखी एक खुबी केली. विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांच्या वर्गांत चाळीसच टक्के विद्यार्थी असावेत आणि पुढच्या दोन वर्षांच्या वर्गांत साठ टक्के, असं ठरवलं. आता सांगा, तिसऱ्या वर्षाला हे जास्तीचे विद्यार्थी येणार कुठून? कम्युनिटी कॉलेजातून! सोळा-सतराव्या वर्षी मागे पडलेल्यांसाठी जागा आधीच मोजून ठेवल्या होत्या. आजही पहिल्या वर्षाला दोन विद्यार्थी घेतले, तर कॉलेज बदलून येणारा एक घ्यायचा, हे त्या विद्यापीठाचं उद्दिष्ट आहे. आणि अशा ‘ट्रान्सफर’ करणाऱ्यांत राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना पहिलं प्राधान्य असतं.

क्रेग व्हेंटर हे नाव विज्ञानाच्या पुस्तकात कधीतरी तुम्हाला भेटेल. माणसाच्या जनुकांचा नकाशा वाचणाऱ्यांतला हा शास्त्रज्ञ. शाळेत त्याचे मार्क यथातथाच होते. व्हिएतनामच्या युद्धात नौदलाच्या इस्पितळात काम करून आल्यावर त्यानं सॅन मॅटेओच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. तिथून तो सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला. १९७२ मध्ये पदवी, १९७५ मध्ये डॉक्टरेट!

आता जरा आईबाबांनी पुढे वाचावं, कारण हिशेब पैशांचा आहे. राज्यातल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची फी एका युनिटला ४६ डॉलर पडते. युनिट म्हणजे ढोबळमानानं सत्रभर आठवड्याला एक तास वर्ग. विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायला अशी ६० युनिटं लागतात. गुणाकार करा : २,७६० डॉलर, तेही दोन्ही वर्षं मिळून. कॅलिफोर्निया विद्यापीठात एकाच वर्षाची फी १४ हजार डॉलरच्या वर जाते. पुस्तकं, खाणंपिणं, बसभाडं वेगळं, पण फरक लक्षात आला ना? आणि शेवटी हातात पडणारी पदवी सगळ्यांना एकसारखीच.

मग सगळेच हा मार्ग का धरत नाहीत? कारण तो दिसतो तेवढा सोपा नाही. कॅलिफोर्नियात २०१७ ते २०१९ या काळात ट्रान्सफरच्या इराद्यानं जी मुलं कम्युनिटी कॉलेजात आली, त्यांतली चार वर्षांत विद्यापीठात पोचली पाचातली जेमतेम एक. बाकीची कुठे अडकली? काहींना नोकरी सुटली नाही, काहींच्या घरी अडचणी आल्या. पण कितीतरी जणांचा घोळ झाला तो विषयांच्या साखळीत. ही साखळी नीट समजून घ्या, कारण आळशी नसलेली मुलंसुद्धा इथे फसतात.

समजा, एका मुलीला बर्कलीला इंजिनिअरिंगला जायचंय. त्यासाठी कॅल्क्युलसच्या तीन पायऱ्या, शिवाय पुढचं गणित आणि भौतिकशास्त्र हवं. कॅल्क्युलसची पहिली पायरी चढायला आधी ‘प्री-कॅल्क्युलस’ हवं. फिजिक्सला बसायला कॅल्क्युलस हवं. तिच्या हातात सत्रं किती? चार. पहिल्याच सत्रात तिनं ‘गणित नको बाई, आधी सोपे विषय उरकू’ असं म्हटलं, की सगळी साखळी एक घर मागे सरकली. मग उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग करा, नाहीतर तिसरं वर्ष काढा!

याहून मोठी मेख पुढे आहे. अर्ज भरायचा असतो दुसऱ्या वर्षाच्या पहिल्याच सत्रात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या वेळी हाती मार्क कशाचे असतात? फक्त पहिल्या वर्षाचे. चालू सत्राचे मार्क जानेवारीत कळवता येतात, पण पाया तो पहिल्या वर्षाचाच. ‘अजून दोन वर्षं आहेत’ असं म्हणणाऱ्याकडे प्रत्यक्षात एकच वर्ष असतं.

कोणत्या कॉलेजातला कोणता विषय कोणत्या विद्यापीठात धरला जातो, याची ‘असिस्ट’ नावाची सरकारी सूची इंटरनेटवर फुकट पाहायला मिळते. प्रत्येक कॉलेजात सल्लागारही असतात. शहाणी मुलं पहिल्याच महिन्यात त्यांच्या दारात हजर होतात. आणखी एक सोय आहे : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी आधी करार करता येतो. अमुक विषय, अमुक मार्क पुरे केलेत की जागा पक्की! बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो मात्र असा शब्द देत नाहीत. तिथे चुरसच. लॉस एंजेलिसला अलीकडे शाळेतून थेट अर्ज करणाऱ्या दहांतल्या एकालाही जागा मिळत नाही. ट्रान्सफरवाल्यांत चारांतल्या साधारण एकाला मिळते, आणि कॉम्प्युटरसारख्या विषयांना त्याहूनही कमी जणांना. अर्जात साडेतीनशे शब्दांची चार उत्तरंही लिहावी लागतात. ‘माझा आवडता छंद’ छापाचा निबंध तिथे चालत नाही बरं का! हा विषय का निवडलास, त्याची तयारी कशी केलीस, हे नेमकं सांगावं लागतं. निकाल एप्रिलअखेरपर्यंत येतो.

पोचल्यावरही पहिले काही महिने अवघड जातात. बाकीच्यांच्या मैत्र्या जुळलेल्या असतात, प्रयोगशाळा कुठे हेही ठाऊक नसतं आणि अभ्यास एकदम तिसऱ्या वर्षाचा. पहिल्या सत्रात मार्क घसरण्याचा अनुभव पुष्कळांना येतो. त्याला तिथे ‘ट्रान्सफर शॉक’ असं नावच आहे.

आपल्याकडेही याच्या जवळचा रस्ता आहे. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. ‘डिप्लोमाला घातलं’ म्हटलं की शेजारपाजारी चेहरे का पडतात, हे आम्हाला कधी कळलं नाही. वर्कशॉपमध्ये हात काळे करून आलेली ही मुलं प्रॅक्टिकलला भल्याभल्यांना मागे टाकतात. फक्त दुसऱ्या वर्षाचं गणित त्यांना अंगावर येतं. तुमच्या दादाचा किंवा ताईचा तसा बेत असेल, तर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षीच त्याची उजळणी सुरू करायला सांगा.

आणि कुणाच्या मनात इथून कॅलिफोर्नियाला जायचं असेल, तर आधीच सांगतो. ४६ डॉलरचा दर फक्त तिथल्या रहिवाशांना. परदेशी विद्यार्थ्यांची फी त्याच्या कितीतरी पट असते, राहण्याचा खर्च वेगळा, आणि विद्यापीठात गेल्यावर तर आकडा आणखी फुगतो. तेव्हा विमानाच्या तिकिटाआधी कागदपेन्सिल घेऊन आईबाबांबरोबर चारही वर्षांचा खर्च मांडून पाहा.