रातथाऱ्याची पेटी: भोक खाली का असतं?

१९६९ साली इंग्लंडच्या नॉरफोक भागात लाकडाच्या एकाच पेटीत ६१ रेन पक्षी रात्रीच्या मुक्कामाला आल्याची नोंद आहे. रेन चिमणीहूनही लहान, साधारण १० ग्रॅमचा. म्हणजे सगळ्या बिऱ्हाडाचं वजन जेमतेम सहाशे ग्रॅम! एरवी आपल्या हद्दीत दुसऱ्या रेनला फिरकू न देणारा हा भांडखोर जीव कडाक्याच्या थंडीत मात्र भाऊबंदांना बिलगून झोपतो. ती पेटी खरं तर अंडी-पिल्लांसाठीची. पण थंड देशांत निव्वळ रात्र काढण्यासाठीही वेगळी पेटी बनवतात. ती करायला घेताना बऱ्याच जणांचं गणित चुकतं.

गैरसमज: पक्षी रोज घरट्यातच झोपतात.

वस्तुस्थिती: घरटं हा पाळणा आहे. पिल्लं उडाली की बहुतेक पक्षी त्याकडे पाठ फिरवतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला बोगनवेलीत चिमण्यांची शाळा भरते, वडा-पिंपळावर साळुंक्यांचा कालवा चालतो, तो त्यांचा रातथारा.

गैरसमज: घरट्याची पेटी आणि रातथाऱ्याची पेटी सारखीच.

वस्तुस्थिती: दोन्हींत भोकाची जागा नेमकी उलट असते. घरट्याच्या पेटीत ते वर असतं, म्हणजे तळाशी असलेल्या पिल्लांपर्यंत मांजराचा पंजा सहज पोचत नाही. रातथाऱ्याच्या पेटीत भोक तळाजवळ पाडतात. पक्ष्यांच्या अंगाची ऊब वर चढते. भोक वर असेल तर ती तिथूनच निसटेल. आत बसायला आडव्या दांड्या लागतात आणि त्या एकाखाली एक न बसवता मागेपुढे बसवायच्या. नाहीतर वरच्याची शीट थेट खालच्याच्या डोक्यावर! अमेरिकेत पुढची फळी उलटी करून लावता येईल अशा पेट्याही असतात. हिवाळ्यात भोक खाली ठेवायचं. वसंत आला की दांड्या काढायच्या, फळी फिरवायची आणि त्याच पेटीत घरट्याची सोय करायची.

गैरसमज: आतून रंधा मारून, रंग देऊन पेटी चकाचक करावी.

वस्तुस्थिती: गुळगुळीत फळीवर नखं रुतत नाहीत. आतली बाजू खरखरीतच ठेवावी, किंवा करवतीने भोकाखाली आडवे चरे पाडावेत. आतून रंग नको, वॉर्निश नको. फळी साधारण दोन सेंटीमीटर जाड असली की थंडी अडते.

गैरसमज: भोकासमोर बसायला दांडी हवी.

वस्तुस्थिती: ढोलीत शिरणाऱ्या पक्ष्याला तिची गरज नसते. झाडाच्या ढोलीला कुठे दांडी असते? बाहेरच्या दांडीचा टेकू मिळतो तो शिकारी प्राण्या-पक्ष्यांना.

गैरसमज: पेटी टांगली की कुठलाही पक्षी येईल.

वस्तुस्थिती: येतात ते ढोलीची सवय असलेलेच: टिट, नटहॅच, अमेरिकेतले ब्लूबर्ड. बुलबुल किंवा शिंपी पानांच्या आडोशालाच पसंती देतात. त्यांच्यासाठी दाट झुडूप लावलेलं बरं.

गैरसमज: हीच पेटी आपल्या गॅलरीतही चालेल.

वस्तुस्थिती: ऊब कोंडून धरणारी पेटी मे महिन्यात नागपूरच्या भिंतीवर टांगली तर तिची भट्टी होईल. आपल्याकडे अडचण असते ती घरट्याला जागा नसण्याची. कौलं गेली, वासे गेले, भिंतीतले कोनाडे बुजले. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने चिमण्यांसाठीच्या पेट्या घरोघरी नेल्या. २० मार्चचा जागतिक चिमणी दिनही २०१० पासून याच संस्थेच्या पुढाकाराने साजरा होतो.

इथे हवी घरट्याचीच पेटी: भोक वर, छपराखाली हवेला फट, तळाला पाणी निथळायला बारीक छिद्रं आणि टांगायला दुपारच्या उन्हापासून आडोशाची जागा. भोक ३२ मिलिमीटरचं पाडलं की चिमणी आत जाते आणि साळुंकी बाहेर राहते.