शेवट आधी बघा!

"प्राण्यांचा पिक्चर हाय न्हवं, मग पोरांना चालतोय की!" शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी हे वाक्य ठरलेलं. त्याच भरवशावर एका रविवारी मी आज्जीचा आवडता 'हाथी मेरे साथी' (१९७१) लावला. सगळा पिक्चर हसण्यात गेला, आणि शेवटी रामू हत्तीला गोळी! सहा वर्षांची चुलत बहीण रात्री जेवलीच नाही. चूक निवडणाऱ्याची, म्हणजे माझी.

तेव्हापासून मी पोस्टर बघत नाही. यात कोण मरतं आणि कधी, एवढंच बघते. 'फाइंडिंग निमो'त (२००३) आई सुरुवातीलाच जाते, पण सावरायला पुढे अख्खा पिक्चर असतो. रामूच्या वेळी तो वेळच मिळत नाही. 'तेरी मेहरबानियाँ' (१९८५) मधला कुत्रा एकदम भारी, पण गोष्ट मालकाच्या खुनाच्या सुडाची. लहानांना नकोच. सर्टिफिकेट बघावंच, २०२४ पासून यूएमध्येही ७, १३, १६ असे वयोगट आलेत. पण रडू किती येईल ते त्यावर लिहिलेलं नसतं!

थोड्या मोठ्या मुलांना मात्र मंगेश हाडवळेंचा 'टिंग्या' (२००८) जरूर दाखवा, आणि सोबत बसा. बैल जायबंदी होतो, बाप तो विकायला निघतो. शेजारच्या आजारी आजीवर उपचार करता, मग माझ्या बैलावर का नाही, असं टिंग्या विचारतो. आमच्याकडे तेव्हा काका गप्पच झाले. आज्जीने मात्र टीव्ही थांबवायला लावून माहेरच्या बैलाची गोष्ट सांगितली. ती आम्हाला कुणालाच माहीत नव्हती.

पुढच्या रविवारी 'चिल्लर पार्टी' (२०११). शेवट बघून ठेवलाय. भिडू वाचतो.