घोड्याची ओळख : वर्गाबाहेरचा एक पाठ

मराठी भाषेत घोडा पदोपदी भेटतो. ‘वरातीमागून घोडे’, ‘घोडामैदान जवळच आहे’ हे शब्दप्रयोग मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हेही पुढे इतिहासाच्या तासाला शिकविले जाते. परंतु पहिली-दुसरीतील अनेक मुलांना घोडा दिसतो तो तक्त्यावरील चित्रात किंवा लग्नाच्या वरातीत, आणि तोही दुरूनच.

वस्तुतः हा प्राणी पुष्कळ गावांच्या शिवारात दरवर्षी स्वतः चालत येतो. दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रातील मेंढपाळ धनगर कुटुंबे चाऱ्याच्या शोधात कोकणाकडे निघतात. भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, नुकतीच जन्मलेली कोकरे, असा सारा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. भीमा नदीच्या खोऱ्यावरून नाव पडलेला काटक भीमथडी घोडा याच कुटुंबांनी सांभाळला आहे.

खतासाठी गावातील शेतात मेंढ्या बसविल्या असतील, तेव्हा मालकाची संमती घेऊन शिक्षकांनी मुलांना तेथे न्यावे. निरीक्षणासाठी साधे प्रश्न पुरेत. गाईचा खूर दुभंगलेला असतो. घोड्याचा कसा असतो? गाय रवंथ करते. घोडा करतो काय? गाईच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. घोड्याला ते असतात काय? घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो आणि शिंगरू जन्मानंतर तासा-दोन तासांत पायांवर उभे राहते, हे ऐकून मुलांचे कुतूहल वाढेल.

या भेटीत काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्याने त्याला अगदी मागचे दिसत नाही. मागून कोणी आल्यास तो दचकून लाथ झाडतो. म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जवळ जावे. कान मागे पाडलेल्या घोड्यापासून दूर राहावे. चारा द्यावयाचा तर मालकाच्या देखत, सपाट तळव्यावर ठेवून द्यावा.

मात्र या पाठाचा खरा लाभ वेगळाच आहे. सततच्या भटकंतीमुळे मेंढपाळांच्या मुलांचे शिक्षण खंडित होते. वर्गात ती मागे आणि मुकी राहतात. घोडा कधी बुजतो, ओझे दोन्ही अंगांना समतोल कसे बांधावे, हे मात्र त्यांना अनुभवाने ठाऊक असते. त्या दिवशी असे मूल बोलेल आणि इतर ऐकतील. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला कुरणशाळा चालविली, ती शाळेनेच मुलांकडे जावे या विचाराने. घोड्याच्या निमित्ताने हाच विचार गावोगाव आचरता येईल. शिवारात आलेल्या कुटुंबांची वार्ता शाळेस वेळीच कळविणे, एवढे जरी पंचायत सदस्यांनी केले, तरी घोड्याबरोबर गावात आलेले मूल शाळेच्या दारापर्यंत पोहोचेल.